झाशीच्या राणीचा ‘खरा फोटो’ आणि १८५० सालचा हॉफमन

वर्षातून दोनदा तो फोटो माझ्या फोनवर येतो. एकदा जूनच्या मध्यावर, राणी लक्ष्मीबाईंच्या पुण्यतिथीला, आणि एकदा १९ नोव्हेंबरला, जयंतीला. पाठवणारे बदलतात, कधीकधी फोटोतली बाईसुद्धा बदलते, पण खालचा मजकूर काही बदलत नाही. यंदा तो आमच्या मावशीने घरच्या ग्रुपवर टाकला. मी खाली ‘हा फोटो राणीचा नाही’ एवढंच लिहिलं आणि दिवसभर बोलणी खाल्ली. संध्याकाळी मावशीचाच फोन आला. “अगं, साल दिलंय, फोटोग्राफरचं नाव दिलंय, कुठल्या प्रदर्शनात होता तेही दिलंय. एवढं सगळं कोणी खोटं कशाला लिहील?”

मावशी शाळेत शिकवायची. पुराव्याशिवाय बोलू नये, हे तिनेच आम्हाला शिकवलं. तेव्हा ग्रुपवरच्या एका ओळीत न मावणारं उत्तर इथे लिहिते आहे.

मजकूर थोडक्यात असा: हा झाशीच्या राणीचा जगातला एकमेव अस्सल फोटो. तो १८५० मध्ये कलकत्त्याच्या ‘जॉनस्टन अँड हॉफमन’ या इंग्रज छायाचित्रकाराने काढला. २००९ मध्ये भोपाळच्या छायाचित्र प्रदर्शनात तो लोकांना पाहायला मिळाला. जपून ठेवा, पुढे पाठवा. यावर ग्रुपवर आणखी दोन युक्तिवादांची भर पडली. मामेभाऊ म्हणाला, त्या काळात लढाईतले आणि सेनापतींचे फोटो निघत होते, मग आपल्या राणीचा का नसेल? आणि एक काका म्हणाले, असणारच, इंग्रजांनी दडपला असेल.

आधी हॉफमनचं बघू, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे.

‘जॉनस्टन अँड हॉफमन’ हा एक माणूस नव्हे. ती दोन भागीदारांची पेढी होती: पीटर जॉनस्टन आणि थिओडोर हॉफमन. कलकत्त्यात चौरंगीवर त्यांचा स्टुडिओ होता आणि त्याचं मोठं नाव होतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पेढीच्या पाटीचा एक इसम केला, म्हणजे ‘आणि कंपनी’ नावाच्या गृहस्थाचा पत्ता शोधण्यातला प्रकार. पण खरी गोची सालाची आहे. ही पेढी कलकत्त्यात सुरू झाली ती १८८२ च्या सुमारास. राणीसाहेब ग्वाल्हेरजवळ पडल्या जून १८५८ मध्ये. मध्ये जवळजवळ २४ वर्षं आहेत. १८५० पासून मोजलं तर ३२. फोटोवर या पेढीचा शिक्का खरोखरच असेल, तर तो फोटो राणीचा असूच शकत नाही. आणि शिक्का नसेल, तर हॉफमनचं नाव कुठून आलं? दोन्हीकडून दार बंद आहे.

कलकत्त्यात १८५० मध्ये फोटो निघतच नव्हते असं मात्र नाही. निघत होते. जे. डब्ल्यू. न्यूलंड नावाच्या फोटोग्राफरची डॅगेरोटाइपची, म्हणजे धातूच्या पत्र्यावरच्या फोटोंची, गॅलरी त्याच सुमारास तिथे चालत होती. खोटं रचणाऱ्याने निदान त्याचं नाव घेतलं असतं तर मला थोडे अधिक कष्ट पडले असते. तरीही कलकत्ता ते झाशी हा प्रवास उरतोच. १८५० मध्ये हिंदुस्थानात प्रवाशांसाठी आगगाडी सुरूच झालेली नव्हती. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. म्हणजे नदीतून बोटीने, पुढे डाकगाडीने किंवा पालखीने, पारा आणि आयोडीनच्या बाटल्या सांभाळत कोणीतरी बुंदेलखंडात आलं, असं धरावं लागेल. अशक्य नाही, पण अशा पाहुण्याची कुठेतरी नोंद तर हवी.

आता १८५० हे सालच घ्या. त्या वर्षी गंगाधरराव नेवाळकर हयात होते. ते वारले २१ नोव्हेंबर १८५३ रोजी. संस्थान खालसा झालं १८५४ मध्ये. १८५० ची लक्ष्मीबाई ही राजाची पत्नी होती. तिला सेनापती म्हणून झाशीबाहेर कोणी ओळखत नव्हतं आणि जगाच्या दृष्टीने तिचा फोटो काढण्यासारखं अजून काही घडलेलं नव्हतं. जन्मसालाबद्दल दोन मतं आहेत, १८२८ आणि १८३५. पहिलं धरलं तर वय २२ भरतं आणि दुसरं धरलं तर १५. फॉरवर्डमधली बाई १५ वर्षांची वाटते का, हे मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, “जुन्या बायका लवकर पोक्त दिसायच्या.” यावर मी काही बोलले नाही.

तंत्राचा मुद्दाही अनेक जण पुढे करतात: इतका स्वच्छ, बारकावे दाखवणारा फोटो १८५० मध्ये निघूच शकत नाही म्हणे. हा मुद्दा मी ताणणार नाही, कारण तो अर्धाच खरा आहे. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर निघणारा डॅगेरोटाइप विलक्षण बारकावे टिपायचा, दागिन्याचा मणी न् मणी. पण त्याची प्रत एकच असते, आरशासारखा चमकणारा पत्रा. तो पत्रा कुठे आहे, हे फॉरवर्ड सांगत नाही. दुसरी पद्धत होती कॅलोटाइपची. तिच्यात निगेटिव्ह कागदावर असे, त्यामुळे छापात कागदाचे तंतू उतरत आणि चेहरा थोडा लोकरीसारखा दिसे. काचेवरची ओली कलोडियन पद्धत, जिच्यामुळे काचेसारखे स्पष्ट आणि हव्या तितक्या प्रती देणारे फोटो निघू लागले, ती फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने छापून जाहीर केली मार्च १८५१ मध्ये. तेव्हा १८५० म्हणताना निदान कोणत्या जातीचा फोटो आहे ते सांगा. ‘खरा फोटो’ ही काही जात नव्हे.

मामेभावाचा प्रश्न मात्र मला मनापासून आवडला, म्हणून त्याच्यावर जरा जास्त थांबते. लढाईतले फोटो निघत होते, सेनापतींचे निघत होते, मग राणीचा का नाही?

निघत होते, आणि त्यातले अगदी सुरुवातीचे चक्क हिंदुस्थानात. बंगाल आर्मीतला जॉन मॅककॉश नावाचा एक सर्जन होता. दुसऱ्या शीख युद्धात, १८४८-४९ मध्ये, तो हौस म्हणून कॅलोटाइप काढायचा. तळहाताएवढे, तपकिरी, कडेला फिकट झालेले हे फोटो आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहेत. नाव घेऊन ज्याला युद्धाचा फोटोग्राफर म्हणता येईल अशा पहिल्यावहिल्यांपैकी तो एक. त्याने कोणाचे फोटो काढले ते बघा. सरसेनापती लॉर्ड गॉफ. त्याच्या जागी आलेला सर चार्ल्स नेपियर. पलटणीतले साहेब, त्यांच्या बायका-मुली. कोवळ्या वयाचा महाराजा दुलीपसिंग. आणि मुलतानचा दिवाण मूलराज, ज्याच्या बंडातून हे युद्ध पेटलं. मूलराजने किल्ला खाली केला तो २२ जानेवारी १८४९ रोजी. म्हणजे शत्रूकडचा एक मोठा माणूस या संग्रहात आहे खरा, पण मुलतान पडलं नसतं तर इंग्रजी फौजेतल्या या डॉक्टरसमोर तो कशाला बसला असता?

पुढे याच मॅककॉशने हिंदुस्थानात येणाऱ्या नव्या डॉक्टरांना सल्ला दिला की, फोटोग्राफी तिच्या सगळ्या अंगांनी शिकून घ्या. कॅमेरा पलटणीसोबत फिरायचा तो असा: औषधाच्या पेटीशेजारी, साहेबाच्या सामानात.

१८५५ मध्ये रॉजर फेंटन हा इंग्रज फोटोग्राफर क्रिमियात गेला, जिथे इंग्रज, फ्रेंच आणि तुर्क मिळून रशियाशी लढत होते. त्याची गोष्ट पुष्कळांना माहीत असते, पण तो गेला कशासाठी हे क्वचित सांगितलं जातं. मँचेस्टरच्या अॅग्न्यू या चित्रविक्रेत्याने त्याला पाठवलं होतं. थॉमस बार्कर नावाच्या चित्रकाराकडून सेबॅस्टोपोलसमोरच्या दोस्त सेनापतींचं मोठं तैलचित्र काढून घ्यायचं आणि त्यासाठी चेहरे हवे, म्हणून फोटोग्राफर. मार्च ते जून या काळात फेंटनने साधारण ३६० फोटो काढले. त्यांत लॉर्ड रॅग्लन आहे, तुर्कांचा ओमर पाशा आहे, फ्रेंचांचा पेलिसिए आहे. एका फोटोत तिघं एका टेबलाभोवती बसून मसलत करताहेत. मसलत म्हणजे काय, तर फेंटनने ‘हलू नका’ म्हटल्यावर न हलता बसणं. त्यानंतर काही आठवड्यांतच, २८ जूनला, रॅग्लन मेला.

न हलणं हा इथे सगळ्यात मोठा मुद्दा आहे. कलोडियन लावलेली काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि ओली असतानाच धुवावी लागे. मध्ये थोडीशी मिनिटं. काच कॅमेऱ्यात काही सेकंद उघडी राही, उजेड कमी असला तर आणखी जास्त. म्हणून फेंटनने दारूच्या एका व्यापाऱ्याची जुनी गाडी घेऊन तिची चालती डार्करूम केली होती. धावणारा घोडा, उगारलेली तलवार, कोसळणारा शिपाई, यांतलं काही त्या काचेवर उमटत नसे. उमटलाच तर धूसर डाग. त्यामुळे १८५० च्या दशकातली ‘युद्धाची छायाचित्रं’ म्हणजे लढाईच्या आधीचे तंबू आणि लढाईनंतरचे दगड, आणि या दोन्हींच्या मध्ये खुर्चीवर नीट बसलेले सेनापती. ‘घोड्यावर बसून लढणाऱ्या राणीचा फोटो’ असं काही कोणी पाठवलं, तर फोन बाजूला ठेवून चहा टाकावा.

आणि दगडसुद्धा कधीकधी हलवलेले असत. फेंटनचा एका ओसाड घळीचा प्रसिद्ध फोटो आहे. त्याच जागेवरून काढलेल्या दोन काचा आहेत: एकीत तोफगोळे रस्त्यावर विखुरलेले, दुसरीत रस्ता मोकळा आणि गोळे कडेच्या चरात. आधी कोणती काढली यावर लोक अजून भांडतात.

आता १८५७ कडे येते. या धामधुमीचे फोटो ज्याच्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर आहेत तो फेलिस बीटो. क्रिमियात जेम्स रॉबर्टसनसोबत काम केलेला हा गडी कलकत्त्याला उतरला फेब्रुवारी १८५८ मध्ये आणि तिथून लखनौच्या वाटेला लागला. लखनौ इंग्रजांच्या हाती गेलं मार्चमध्ये. सिकंदरबागेचा त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल: मोडकी कमान, समोर शांत उभी माणसं, एक घोडा आणि अंगणभर हाडं. पण सिकंदरबागेची लढाई झाली होती १६ नोव्हेंबर १८५७ रोजी. तिथे सुमारे २००० शिपाई मारले गेले. इंग्रजांनी आपली प्रेतं पुरली, हिंदी शिपायांची तशीच राहिली. बीटोने काच उघडली ती त्यानंतर कित्येक महिन्यांनी. ती हाडं फोटोसाठी पुन्हा पसरली गेली असावीत, असं अनेक अभ्यासक मानतात. मलाही तसंच वाटतं, कारण इतक्या महिन्यांत कोल्ही-कुत्री स्वस्थ बसत नाहीत.

याच बीटोने सर कॉलिन कॅम्पबेल आणि त्याचा चीफ ऑफ स्टाफ मॅन्सफील्ड या दोघांचा एकत्र फोटो काढला. जिंकणारा सेनापती, निवांत. आणि त्याच वसंतात झाशीला काय चाललं होतं? २१ मार्च १८५८ ला सर ह्यू रोझची फौज झाशीपुढे येऊन बसली. १ एप्रिलला बेतव्याकाठी तात्या टोप्यांची कुमक मोडली. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले आणि ४ एप्रिलच्या रात्री राणीसाहेब किल्ल्यातून निसटल्या. मग काल्पी, कोंचची लढाई, पुन्हा काल्पी, मग ग्वाल्हेर. एप्रिल ते जून या अडीच महिन्यांत त्या कुठे चार दिवस थांबल्या असतील तर तेही लढायच्या तयारीसाठी. अशा बाईसमोर कोणी तिपाई मांडून, काळं कापड डोक्यावर घेऊन, ‘राणीसाहेब, जरा स्थिर’ म्हणायचं?

दुसऱ्या बाजूच्या ज्यांचे फोटो खरोखर आहेत, त्यांची यादी करून बघा. मूलराजचा उल्लेख केलाच. दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर, फोटो १८५८ चा, कैदेतला: बिछान्यावर आडवा, ऐंशी ओलांडलेला, हुक्क्याची नळी हाताशी, कॅमेऱ्याकडे बघणारे थकलेले डोळे. त्याची बेगम झीनत महल, फोटो १८७२ चा, रंगूनमधला, काढणारा इंग्रज लष्करी अधिकारी. लाल किल्ल्यात होती तोवर पडद्यात राहिलेली बाई नजरकैदेत म्हातारी झाल्यावर परक्या पुरुषाच्या कॅमेऱ्यासमोर बसली. हरलेल्यांचे फोटो निघाले ते पकडल्यावर किंवा शरण आल्यावर. राणीसाहेब यांपैकी कशातच नव्हत्या. मामेभावाला उत्तर हे आहे. ज्या वाटेने त्या काळात अशा माणसांचे फोटो निघत, त्या वाटेने त्या गेल्याच नाहीत.

मग राहतात १८५४ ते १८५७ ही शांततेची वर्षं. तेव्हा एखाद्या देशी फोटोग्राफरने फोटो काढला असता का? इथे मी ठाम ‘नाही’ म्हणणार नाही. देशी माणसं या विद्येत किती लवकर उतरली होती, हे आपण विसरतो. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑक्टोबर १८५४ मध्ये सुरू झाली, कलकत्ता आणि मद्रासच्याही आधी, आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. लखनौला अहमद अली खान बंडाच्या आधीच नवाबापासून गोऱ्या साहेबांपर्यंत सगळ्यांचे फोटो काढत होता. म्हणून ‘तेव्हा आपल्याकडे कॅमेरा कुठे होता’ हे म्हणणं चूक आहे, आणि ते म्हणणाऱ्यांनाही मी तितकंच अडवते. पण ‘काढता आला असता’ आणि ‘हा तो आहे’ यांत झाशी ते कलकत्ता एवढं अंतर आहे. तेवढं अंतर फॉरवर्ड एका वाक्यात कापतं.

आता भोपाळचं प्रदर्शन. समजा लावला होता फोटो, खाली राणीचं नावही होतं. प्रदर्शनात खिळ्याला टांगल्याने फोटोचा जन्मदाखला तयार होत नाही. याचं झकास उदाहरण अमेरिकेत आहे आणि तेही एका सेनापतीचं. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अमेरिकी यादवी युद्धातल्या जनरल युलिसिस ग्रँटचा एक भव्य फोटो आहे: सिटी पॉइंटच्या छावणीत घोड्यावर बसलेला ग्रँट, मागे फौजच फौज. कोणाला शंका यावी असं त्यात काही नाही. तिथल्याच लोकांनी बारकाईने पाहिलं तेव्हा उलगडलं की डोकं ग्रँटच्या १८६४ च्या एका दुसऱ्या फोटोतलं, घोडा आणि धड मेजर जनरल मॅकूक याचं, आणि मागची ‘ग्रँटची फौज’ म्हणजे फिशर्स हिलच्या लढाईत पकडलेले शत्रूचे कैदी. हे तिन्ही तुकडे जोडले लेव्हिन हँडी याने, १९०२ च्या सुमारास, ग्रँट मरून १७ वर्षं झाल्यावर. तिथे निदान जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयाचा शिक्का तरी होता. आपल्याकडे एका प्रदर्शनाची आठवण आहे, तीही फॉरवर्डमधली.

काकांचा ‘इंग्रजांनी दडपला’ हा मुद्दा लवकर उरकते. इंग्रजांनी झाशीत पुष्कळ काही जाळलं, लुटलं. पण राणीचा फोटो हाती लागला असता तर तो दडपण्याऐवजी त्यांनी विकला असता. लंडनच्या सचित्र साप्ताहिकांना १८५७ मध्ये बंडवाल्यांच्या चेहऱ्यांची इतकी भूक होती की, नानासाहेब पेशव्यांचं म्हणून जे चित्र तिथे छापलं गेलं ते उत्तरेतल्या भलत्याच एका धनिकाचं होतं, असं पुढे त्या मोहिमेतल्या एका ब्रिटिश शिपायाने लिहून ठेवलं. ‘बंडखोर राणी’चा खरा फोटो विलायतेत सोन्याच्या भावाने गेला असता. सर ह्यू रोझने स्वतः तिच्या शौर्याची वाखाणणी केली. तिचा चेहरा लपवून त्याला काय मिळणार होतं?

इथवर वाचून मावशी म्हणाली, “बरं, हा नाही. मग त्या दिसायच्या कशा, ते तरी सांग.”

हे सांगता येतं, कारण त्यांना डोळ्यांनी पाहिलेली दोन माणसं लिहून गेली आहेत. एक आपले वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात अडकले. त्यांच्या प्रवासवर्णनातल्या राणीसाहेब कधी पुरुषी वेषात असतात, पायजमा, बंडी, डोईला पागोटं, कमरेला तलवार, तर कधी पांढऱ्या पातळात, विधवेच्या बेताच्या दागिन्यांत. अंगभर अलंकार घातलेली ‘फॉरवर्ड’ची राणी आणि ही, दोघींची ओळख पटणं कठीण आहे.

दुसरा माणूस जॉन लँग. सिडनीत जन्मलेला, हिंदुस्थानात वकिली करणारा, वर्तमानपत्र चालवणारा आणि कंपनी सरकारला कोर्टात हरवून नाव कमावलेला. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाल्यावर राणीसाहेबांनी दाद मागण्यासाठी त्याला आग्र्याहून बोलावून घेतलं. भेट पडद्याआडून होती. बोलणं चालू असताना छोट्या दामोदररावाने पडदा बाजूला सारला आणि लँगला त्या क्षणभर दिसल्या. तेवढ्यात त्याने जे टिपलं ते हे: मध्यम उंची, किंचित स्थूल बांधा, गोल चेहरा, सुंदर आणि बुद्धिमान डोळे, रेखीव नाक, फार गोरा नाही पण काळाही नाही असा वर्ण. अंगावर साधी पांढरी मलमल आणि कानांत सोन्याची कर्णफुलं, दुसरा दागिना नाही. आवाज मात्र त्याला आवडला नाही, आणि तेही त्याने न लाजता लिहिलं आहे. ‘मेरी झाँसी नहीं दूँगी’ हे शब्दही आपल्यापर्यंत आले ते याच्या लिहिण्यातून, त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत.

आणि आता ती गोष्ट, जी खरं तर या सगळ्या फॉरवर्डांमध्ये असायला हवी होती आणि एकातही नाही. निरोप देताना राणीसाहेबांनी लँगला भेटी दिल्या: एक हत्ती, एक उंट, एक अरबी घोडा, शिकारी कुत्र्यांची जोडी, झाशीचं रेशमी कापड, दोन शाली. आणि, लँग लिहितो, स्वतःची एक तसबीर, एका हिंदू माणसाने काढलेली.

काढलेली म्हणजे रंगांनी की कॅमेऱ्याने? त्याने वापरलेलं इंग्रजी क्रियापद त्या काळी दोन्हीला चालायचं. आपल्यालाही हसायला जागा नाही, आपणही चित्र ‘काढतो’ आणि फोटोही ‘काढतो’. मला विचाराल तर ते रंगवलेलं चित्र असण्याचा संभव जास्त आहे. १८५४ मध्ये झाशीसारख्या ठिकाणी कुंचला घेतलेले हात कितीतरी होते. पण राणीसाहेबांनी स्वतःच्या हाताने दिलेली, त्या जिवंत असताना काढलेली एक प्रतिमा होती, हे नक्की. १८५४ मध्ये ती एका वकिलाच्या सामानात झाशीहून बाहेर पडली. लँग १८६४ मध्ये मसुरीला वारला आणि तिथल्याच कॅमल्स बॅक रोडवरच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

हे सांगून झाल्यावर मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे तुम्ही सगळे इतकी वर्षं कलकत्त्याच्या त्या हॉफमनच्या मागे, आणि खरी तसबीर मसुरीच्या वाटेला गेली?” मी हो म्हटलं. तिने ग्रुपवरचा फोटो काढून टाकला आणि त्या जागी लिहिलं: मसुरीला कोणाच्या ओळखीचं कोणी आहे का?